चवीसाठी लावलेला भोपळा

लाल भोपळा आता मंडईतून अख्खा घरी येत नाही. गाळ्यावर एक मोठे फळ कापून ठेवलेले असते, गिऱ्हाईक पावशेर किंवा अर्धा किलो मागते आणि विक्रेता त्यातून एक फोड काढून देतो. ती फोड कधी गडद केशरी आणि घट्ट निघते, कधी फिकट पिवळी आणि पाणचट. भोपळा कोणत्या वाणाचा, कोणत्या गावचा आणि तोडून किती दिवस झालेला, हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते आणि आपणही विचारत नाही. आंबा घेताना हापूस, पायरी, केशर असे नाव घेतल्याशिवाय आपले भागत नाही. वांग्यातही भरताचे वेगळे, भरल्या भाजीचे वेगळे आणि कृष्णाकाठचे वेगळे असा भेद आपण आवर्जून करतो. भोपळ्याच्या वाट्याला मात्र ‘लाल’ या एका विशेषणापलीकडे काही येत नाही. अनेक घरांत भोपळ्याची भाजी पथ्याची किंवा उपवासाची म्हणून नाइलाजाने खाल्ली जाते, त्याचे मूळ या अनामिकतेत आहे असे मला वाटते. बाजारासाठी निवडलेला, लवकर तोडलेला आणि तोडल्याबरोबर शिजवलेला भोपळा बेचव लागणारच. या तिन्ही गोष्टी परसबागेत आपल्या हातात असतात, म्हणून ज्यांच्याकडे घरामागे चार हात मोकळी जमीन आहे त्यांनी निदान एक आळे भोपळ्यासाठी राखावे, आणि ते वाण नीट निवडून राखावे, असे मी आग्रहाने सांगते.

भोपळ्याच्या गराचा गोडवा माणसाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने मिळवलेला आहे. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतात गिला नाकित्स नावाची एक गुहा आहे. तिथे सापडलेल्या भोपळ्याच्या बियांचे वय सुमारे १०,००० वर्षे असल्याचे ब्रूस स्मिथ या पुरातत्त्वशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. म्हणजे तिथल्या लोकांनी मका पिकवण्याच्याही आधी भोपळा लावला होता. रानटी भोपळ्यांचा गर कडूजहर असतो, त्यामुळे प्रारंभी माणसाने त्याच्या बियाच खाल्ल्या असणार. एखाद्या वेलीचे फळ कमी कडू लागले, पुढे एखाद्याचे थोडे गोड लागले आणि त्याचेच बी जपून पुन्हा पेरले गेले, अशा निवडीतून आजचा भोपळा उभा राहिला. पोर्तुगीज दर्यावर्दी पूर्वेकडे आल्यानंतर तो आपल्याकडे पोहोचला आणि अवघ्या काही शतकांत इतका आपला झाला की ऋषिपंचमीच्या भाजीत त्याला मानाचे स्थान मिळाले. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खायचे नसते. कुदळीने खणलेल्या आळ्यात वाढून गोठ्याच्या छपरावर चढलेला वेल त्या नियमात अचूक बसला. कोकणात भोपळ्याचा कोवळा पाला आणि विदर्भात खसखस, सुके खोबरे व चारोळी वाटून केलेली बाकर भाजी हीसुद्धा याच आत्मीयतेची रूपे आहेत.

वाणांकडे वळण्याआधी चव नेमकी कशावर ठरते हे पाहणे आवश्यक आहे, कारण नाव कितीही मोठे असले तरी अपक्व फळ कोणत्याच वाणाचे चांगले लागत नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठात ब्रेंट लॉय यांनी आयुष्यभर भोपळावर्गीय पिकांवर काम केले. त्यांनी वारंवार एक मुद्दा मांडला. हिवाळी भोपळ्याचे, म्हणजे पूर्ण पिकवून हिवाळ्यासाठी साठवायच्या भोपळ्याचे, फळ धरल्यापासून साधारण तीन आठवड्यांत आपल्या पूर्ण आकाराला येते, सालीला रंगही चढतो आणि बघणाऱ्याला ते तयार झाल्यासारखे वाटते. पण गरात पिष्ट साठण्याचे आणि आतले बी भरण्याचे काम त्यानंतरही सुरूच असते आणि त्याला जवळजवळ आणखी महिना लागतो. शेतकऱ्याला पहिल्या तोडणीचा भाव हवा असतो, व्यापाऱ्याला वजन हवे असते, त्यामुळे हा महिना बहुतेक फळांच्या नशिबी येत नाही. पुढे तोडलेल्या फळात साठलेल्या पिष्टाचे हळूहळू साखरेत रूपांतर होते, आणि तेही काही आठवड्यांचे काम असते. म्हणजे चवीचा अर्धा भाग वेलीवरच्या मुक्कामात आणि उरलेला बराचसा घरातल्या मुक्कामात तयार होतो. जुन्या घरांत भोपळे माळ्यावर किंवा आढ्याला टांगलेल्या शिंक्यात ठेवून सणासुदीला काढण्याची जी रीत होती, तिच्यामागे साठवणुकीची सोय तर होतीच, पण चवीची जाणही होती, असे मी मानते.

आता वाणांविषयी. सर्वांत आधी नाव घ्यायला हवे ते जपानी कबोचाचे, कारण भोपळा म्हणजे काय याबद्दलचा आपला समज हे एक फळ बदलून टाकते. कबोचा चपटा, गडद हिरव्या सालीचा, त्यावर फिकट रेघा असलेला आणि वजनाने किलो-दीड किलोचा असतो. कापल्यावर आतला गर पिवळ्याकडून केशरीकडे झुकणारा, कोरडा आणि इतका घट्ट असतो की विळीवर जोर लावावा लागतो. शिजल्यावर तो रताळे आणि उकडलेला शिंगाडा यांच्या मधला काहीतरी लागतो, आणि पाणी तर त्याला सुटतच नाही. सालही शिजून मऊ होते, ती काढावी लागत नाही. जपानमध्ये सालीसकट मोठ्या फोडी करून, त्यांच्या कडा किंचित तासून, सोयासॉस आणि माशाच्या सारात त्या मंद आचेवर शिजवतात. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, म्हणजे २२ डिसेंबरच्या आसपास, घरोघरी कबोचा खाण्याची तिथे परंपरा आहे. उन्हाळ्यात पिकलेले फळ हिवाळ्यापर्यंत राखून खाणे हाच त्या परंपरेचा गाभा. जपानी लोकांना हे फळ इतके हवे असते की त्यांचा हंगाम नसताना न्यूझीलंडमधून ते जहाजांनी मागवले जाते.

कबोचा ज्या प्रजातीत मोडतो तिचे शास्त्रीय नाव कुकुर्बिटा मॅक्सिमा. ती मूळ दक्षिण अमेरिकेतली असून तिला थोडी थंडी मानवते, पावसाळ्यातली दमट हवा मानवत नाही. आमच्या साताऱ्याकडे पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या आसपास बी टोकले तर वेल कोवळ्या उन्हात वाढतो आणि थंडी संपता संपता फळे तयार होतात. पावसाळ्यात लावल्यास पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, येते, वेल दमतो आणि फळे गोड होण्याआधीच पाने झडतात. पाने गेली की साखर कुठून येणार? म्हणून चवीच्या भोपळ्यासाठी खतापेक्षाही पाने शेवटपर्यंत हिरवी राखण्याला मी अधिक महत्त्व देते. त्यासाठी वेलाला सकाळी लवकर आणि बुंध्याशीच पाणी द्यावे, पाने भिजवू नयेत आणि दाटी होऊ देऊ नये. कबोचाचा देठ तयारीची खूण स्पष्ट देतो. कच्च्या फळाचा देठ हिरवा आणि रसरशीत असतो. तयार फळाचा देठ बुचासारखा राखाडी होतो आणि त्यावर बारीक उभ्या भेगा पडतात. तेव्हा बोट-दोन बोटे देठ ठेवून फळ कापून घ्यावे आणि देठाला धरून कधीही उचलू नये, कारण देठ निखळला की त्या जागेतून कूज शिरते. नंतर आठ-दहा दिवस उबदार, वारा खेळत्या जागी आणि पुढे महिनाभर सावलीत कोरड्या गोणपाटावर ठेवावे. फ्रिजमध्ये अख्खे फळ ठेवू नये, फार गारठ्याने भोपळा आतून बिघडतो.

अशा मुरलेल्या कबोचाचे घारगे केले की फरक हाताला कळतो. नेहमीच्या भोपळ्याचा कीस गुळाबरोबर शिजवला की पातेल्यात पाणी होते, ते आटवता आटवता रंग काळवंडतो आणि तरीही मिश्रण सैल राहते. मग कणीक वाढवत न्यावी लागते आणि शेवटी घारगा गोड पुरीसारखा चिवट होतो, त्यात भोपळा नावापुरताच उरतो. कबोचाच्या किसाला गूळ लावला तरी तो आपला आकार सोडत नाही. मिश्रण कढईच्या कडा सोडून मध्ये गोळा होते, त्यात चिमूटभर मीठ, वेलची, थोडे तांदळाचे पीठ आणि मावेल तेवढीच कणीक घातली की पीठ हाताला चिकटत नाही. केळीच्या पानावर थापून, वर खसखस दाबून तळलेला तो घारगा बाहेरून खुसखुशीत आणि आतून मऊ राहतो, आणि दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर खाताना त्यातला भोपळा जिभेला स्वतंत्रपणे ओळखू येतो. गुळाचे प्रमाणही नेहमीच्या निम्म्यावर आणावे लागते, नाहीतर गोडाचा अतिरेक होतो.

थंडीची वाट पाहायची नसेल किंवा गाव उष्ण असेल, तर कुकुर्बिटा मोस्काटा या दुसऱ्या प्रजातीकडे वळावे. आपल्याकडचे बहुतेक गावरान भोपळे याच प्रजातीचे आहेत. पानांवरचे पांढुरके ठिपके आणि फळाला जिथे देठ मिळतो तिथे पसरलेला पंचकोनी कठीण देठ, ही तिची ओळख. उष्णता, दमटपणा आणि कीड या तिन्हींना ती चांगली तोंड देते. या प्रजातीतला आज जगभर पोहोचलेला वाण म्हणजे बटरनट. १९४०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्टो गावच्या चार्ल्स लेगेट यांनी लांब वाकड्या मानेच्या जुन्या भोपळ्यांतून आटोपशीर आकाराचे फळ निवडले. पुढे तिथल्याच वॉल्थम संशोधन केंद्रात ते सुधारले गेले आणि ‘वॉल्थम बटरनट’ला १९७० साली राष्ट्रीय पातळीवरचा उत्तम वाणाचा मान मिळाला. त्याची सारी उपयुक्तता त्याच्या आकारात आहे. बिया फक्त खालच्या फुगीर भागात असतात, वरची मान पूर्ण भरीव, रेषाविरहित आणि सोलायला सोपी. सांबारात किंवा आमटीत टाकायच्या चौकोनी फोडी, तिरप्या कापून तव्यावर रवा लावून परतायचे काप, किंवा चिंच-गुळाची भाजी, यांसाठी ही मान फार सोयीची पडते. पुण्या-मुंबईच्या भाजीबाजारात बटरनट आता सहज दिसतो, पण तिथे बरेचदा तो साल फिकट हिरवट असतानाच आलेला असतो. घरच्या वेलीवर पूर्ण बदामी रंग आल्यावर काढलेल्या फळाशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

बटरनटच्या पुढची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. न्यूयॉर्क राज्यातील डॅन बार्बर या नामवंत शेफने २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील वनस्पतिपैदासकार मायकेल माझोरेक यांना सुचवले की बटरनट लहान करून त्याची चव एकवटता येईल का ते पाहावे. बार्बर सांगतात की आपल्याला चवीसाठी वाण तयार करायला आजवर कोणी सांगितलेच नव्हते, असे माझोरेक यांनी तेव्हा बोलून दाखवले. त्यातून पुढे ‘हनीनट’ हा वाण लोकांसमोर आला. बटरनटच्या निम्म्याहून लहान, दोघा माणसांच्या एका जेवणात संपणारा आणि चवीला कितीतरी गाढ. त्याची आणखी एक खुबी म्हणजे कच्चे फळ हिरवे असते आणि पक्व झाल्यावरच मधाच्या रंगाचे होते, त्यामुळे अर्धवट तयार फळ कोणी कोणाच्या गळ्यात मारू शकत नाही. उत्पादन, वाहतूक, टिकाऊपणा आणि एकसारखा आकार यांसाठी वाण घडवणाऱ्या व्यवस्थेत चवीची मागणीच कोणी नोंदवत नाही, हे त्या प्रसंगातून दिसते. परसबागेतला माणूस ही मागणी दरवर्षी आपल्या पुरती नोंदवू शकतो.

चवीचे वाण मिळवण्यासाठी परदेशाकडेच पाहायला हवे असे मात्र मुळीच नाही. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे दोन वाण घरच्या बागेसाठी मला विशेष वाटतात. ‘अर्का चंदन’ हा मोस्काटा प्रजातीतला, दोन-तीन किलोचा, फिकट तपकिरी सालीवर मळकट पांढरे ठिपके असलेला, घट्ट केशरी गराचा आणि सुगंधी. कच्ची फोड नाकाशी धरली तरी त्याचा गोडसर वास येतो. ‘अर्का सूर्यमुखी’ मॅक्सिमा प्रजातीतला, किलो-सव्वा किलोचा, नारिंगी रंगावर पांढुरक्या पट्ट्यांचा, दिसायला अतिशय देखणा. त्याचा मोठा गुण असा की फळमाशीला तो चांगला प्रतिकार करतो. ज्यांनी कधी भोपळा लावला आहे त्यांना या गुणाची किंमत सांगायला नको. फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते, वरून टाचणीच्या टोकाएवढा ओला डाग दिसतो आणि दोन-चार दिवसांत फळ पिवळे पडून गळते. इतर वाणांसाठी नुकतेच धरलेले फळ कागदी किंवा जुन्या सुती कापडाच्या पिशवीत बांधावे, गळलेली फळे बागेत न ठेवता खोल पुरावीत आणि क्यू-ल्यूरचा, म्हणजे नर फळमाश्यांना वासाने ओढून घेणारा, कामगंध सापळा टांगावा. फवारणीची गरज बहुधा पडत नाही. रोपे लहान असताना पानांची चाळण करणाऱ्या लाल भुंग्यांसाठी सकाळी दवात चुलीची राख भुरभुरावी, हा जुना उपाय आजही कामाचा आहे.

कोकणात आणि गोव्यात, जिथे हवा दमट आणि पाऊस अफाट, तिथे मला फ्लोरिडातील सेमिनोल भोपळा लावून पाहण्यासारखा वाटतो. फ्लोरिडाच्या दलदलीच्या प्रदेशातील सेमिनोल आणि मिकोसुकी लोकांनी तो शतकानुशतके जपला. झाडाच्या बुंध्याशी बी टाकायचे, वेल झाडावर चढू द्यायचा आणि फळे फांद्यांवरून लोंबताना काढायची, अशी त्यांची पद्धत होती. फळे लहान, साल अतिशय कठीण, गर गडद आणि गोड, आणि एवढ्या उष्ण-दमट हवेतही घरात नुसती ठेवलेली फळे कित्येक महिने टिकतात. रायवळ आंब्यावर किंवा शेवग्यावर चढवलेला भोपळ्याचा वेल कोकणाला काही नवा नाही, त्यामुळे त्या मातीत हा वाण परका वाटू नये.

मांडव घालायची हौस असणाऱ्यांसाठी इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरचा ट्रॉम्बोनचिनो आहे. अल्बेंगा गावाशी त्याचे नाव जोडलेले आहे. फळ हातभर लांब, बारीक, टोकाशी फुगलेले आणि मांडवावरून लोंबताना डौलदार वळणे घेणारे. तिथे ते कोवळे असतानाच काढून झुकिनीसारखे खातात. आपल्याकडे पावसाळ्यात झुकिनी जगवणे जिकिरीचे, पण ट्रॉम्बोनचिनो मोस्काटा असल्याने नेटाने वाढतो. कोवळ्या फळात बी जवळजवळ नसतेच, त्यामुळे पीठ पेरून केलेली त्याची भाजी पाणी न सोडता सुटी होते. वेलीवर राखले तर तेच फळ पिकून भोपळा होते, पण चवीला ते सामान्य. ते कोवळेच खावे.

इटलीतच, व्हेनिसच्या दक्षिणेला किओज्जा नावाचे मासेमारांचे बंदर आहे आणि तिथला ‘मरिना दी किओज्जा’ हा भोपळा दिसायला जितका ओबडधोबड तितका चवीला भारदस्त. राखाडी-हिरव्या सालीवर गाठीच गाठी, आत गडद केशरी, दाट गर. थोड्या अंतरावरच्या मांतोव्हा शहरात भोपळ्याचे सारण भरून तोर्तेल्ली नावाचे खाद्य करतात. ते नाताळच्या आदल्या रात्री मुद्दाम शिजते. त्या सारणात भोपळ्याच्या गोड गराबरोबर बदामी चवीच्या बिस्किटांचा चुरा, चीज आणि मोस्तार्दा, म्हणजे मोहरीच्या झणझणीत अर्कात मुरवलेली पाकातली फळे असतात. हे वाचले तेव्हा मला आपले भोपळ्याचे भरीत आठवले. वाफवलेला भोपळा, घट्ट दही, किंचित साखर आणि नाकात जाणारी फेसलेली मोहरी. भोपळ्याच्या गोडीला मोहरीची झणझणच पेलते, हे एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन स्वयंपाकघरांनी आपापले शोधून काढले. हे भरीत पाणचट भोपळ्याचे केले तर दही फाटल्यासारखे सैल होते, म्हणून त्यासाठी बटरनटची मान किंवा अर्का चंदन घ्यावा.

क्योटोतील शिशिगातानी भोपळा आकारासाठी प्रसिद्ध आहे. मध्ये कंबर आवळलेल्या तुंब्यासारखा, वरून खडबडीत. तिथल्या आनराकुजी मंदिरात दरवर्षी २५ जुलैला तो शिजवून भाविकांना वाढतात आणि तो खाल्ल्याने पक्षाघात टळतो अशी श्रद्धा आहे. ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क प्रांतातील तेलाचा भोपळा वेगळ्याच कारणासाठी लावतात. त्याच्या बियांना कठीण टरफल नसते, त्या सरळ भाजून खाता येतात आणि त्यांपासून काढलेल्या गर्द हिरव्या तेलाला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. गर मात्र जनावरांना घालण्याच्याच लायकीचा. कुकुर्बिटा पेपो या तिसऱ्या प्रजातीतले बरेचसे मोठे भोपळे चवीच्या बाबतीत याच रांगेत बसतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत हॅलोविननंतर उरलेल्या मोठ्या नारिंगी भोपळ्याची भाजी करून पाहतात आणि ती पाण्यासारखी होते, याचे कारण हेच. ते फळ कोरण्यासाठी वाढवलेले असते. तिथे डबाबंद मिळणारा भोपळासुद्धा मुख्यतः ‘डिकिन्सन’ या बदामी सालीच्या मोस्काटा वाणाचा असतो. तिथल्या वाचकांनी भाजीसाठी बटरनट आणि घारग्यांसाठी कबोचा घ्यावा. दोन्ही तिथे दुकानात मिळतात आणि अंगणातही चांगले होतात.

चांगल्या चवीच्या भोपळ्यांचा इतिहास पाहिला तर त्यात बी जपणाऱ्या बायका पुन्हा पुन्हा भेटतात. मॅसॅच्युसेट्समधील मार्बलहेड गावी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एलिझाबेथ हबर्ड या बाईंनी जेम्स ग्रेगरी यांच्या कुटुंबाला एका भोपळ्याचे बी दिले आणि इतके चविष्ट फळ आपल्याला दुसरे ठाऊक नाही असे सांगितले. ग्रेगरींनी पुढे बियाण्यांचा मोठा व्यवसाय उभारला आणि त्या भोपळ्याला बाईंचेच नाव दिले. आपल्याकडे अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावोगावच्या परसांतले भोपळे अजून टिकून असतील तर ते अशाच हातांमुळे. माझ्या आत्याच्या घरी जे बी होते ते कोणत्याही यादीत नव्हते. फळ उभ्या शिरांचे, आत तांबूस आणि संक्रांतीपर्यंत टिकणारे. ती सर्वांत गोड लागलेल्या फळाचेच बी राखेत घोळवून चिंधीत बांधून ठेवी. खाऊन मग बी राखायचे, हा तिचा नियम शास्त्राच्या कसोटीवरही पूर्ण उतरतो.

फक्त एक काळजी त्यात वाढवावी लागते. भोपळ्याची नर आणि मादी फुले वेगळी असतात आणि मधमाश्या एकाच प्रजातीच्या दोन वाणांचे पराग सर्रास मिसळतात. यंदाच्या फळाच्या चवीवर त्याचा परिणाम होत नाही, पण त्यातल्या बियांपासून पुढच्या वर्षी काय निपजेल ते सांगता येत नाही. घरच्या बागेत एका हंगामात एक मोस्काटा आणि एक मॅक्सिमा एवढेच लावले तर हा प्रश्न बराचसा सुटतो. शेजारीपाजारीही वेल असतील तर फुले हाताने फळवावीत. संध्याकाळी वेलीवर फिरून दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या हेराव्यात. त्यांच्या टोकाला पिवळा रंग चढलेला असतो, आणि मादी कळीखाली सुपारीएवढे बाळफळ आधीच दिसते. दोन्ही प्रकारच्या कळ्यांची टोके दोऱ्याने सैल बांधून ठेवावीत. पहाटे फटफटले की नर फूल देठासकट तोडून, त्याच्या पाकळ्या सोलून, मधला परागाने भरलेला दांडा उघडलेल्या मादी फुलाच्या मधल्या कुक्षीच्या तिन्ही भागांवर हलकेच फिरवावा. पराग हळदीसारखा बोटांना लागतो. मग मादी फूल पुन्हा बांधावे आणि त्या देठाला रंगीत लोकरीची खूण करावी. ऊन तापण्याआधी, आठ-नऊच्या आत हे उरकावे, कारण त्यानंतर फूल मिटते. सोललेल्या नर फुलांच्या पाकळ्या आणि उरलेली नर फुले डाळीच्या पिठात बुडवून तळावीत.

बी मिळवताना परदेशातून येणाऱ्या नातलगांकडून बॅगेतून पाकिटे मागवू नयेत. बियाण्यांच्या आयातीला वनस्पती संगरोधाचे (क्वारंटाइनचे) नियम आहेत आणि त्यांना सबळ कारण आहे, कारण बियांबरोबर विषाणूजन्य रोगही येतात. बटरनट आणि कबोचा यांचे बी आता देशातच मिळते. पाकिटावर संकरित असे लिहिले असेल तर त्या फळांचे बी राखण्याचा उपयोग नाही. ज्यांच्याकडे जमीन नाही, फक्त उन्हाची गच्ची आहे, त्यांनी दीड-दोन फूट खोल आणि तेवढ्याच रुंद पिशवीत निम्मे शेणखत-गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून अर्का सूर्यमुखी लावावा, वेल कठड्यावर किंवा जाळीवर चढवावा आणि एका वेलीवर दोन-तीनच फळे ठेवून बाकीची कोवळेपणीच भाजीला काढावीत. जाळीवरून लोंबणाऱ्या फळाला जुन्या साडीच्या पट्टीची झोळी बांधावी, नाहीतर वजनाने वेल खाली ओढला जातो. पावसाळी लागवड मृगाच्या सरी स्थिरावल्यावर, मॅक्सिमाची हिवाळी लागवड दसऱ्याला आणि उन्हाळी लागवड जानेवारीच्या अखेरीस करावी. आमच्या परसात यंदा मोस्काटासाठी आत्याचे बी आणि मॅक्सिमासाठी कबोचा ठरला आहे, आणि दोन्हींची आळी शेणखत भरून तयार आहेत.